म्हशीचं दावं आणि मनगटावरचं घड्याळ

बारामती-इंदापूर भागात ‘घड्याळ’ म्हटलं की लोकांना १९९९ पासून आधी निवडणुकीचं चिन्हच आठवतं. त्या घड्याळाबद्दल आज एक अक्षर नाही. आजचा विषय मनगटावरचं घड्याळ. खरं तर घड्याळही नाही, त्याचा पट्टा.

म्हणणं एका वाक्यात सांगतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना लगेच सुरुवात करता येईल. महागाचं घड्याळ घालून घराबाहेर, उन्हापावसात, पाण्यावर, गर्दीत जायचं असेल, तर ते एकसंध कापडी पट्ट्यावरच घालावं. चामड्याचे आणि स्टीलचे पट्टे लग्नाला आणि अप्रेजलच्या मीटिंगला ठीक आहेत.

आता जरा इंदापूर तालुक्यातल्या कुणाही शेतकऱ्याच्या गोठ्यात जाऊन बघा. म्हैस लाखाच्या घरातली. दाव्याची किंमत तिच्यापुढे काहीच नाही. तरीही तो माणूस दावं कुठे झिजलंय का ते हाताने चाचपतो, खुंटा हलवून बघतो. म्हैस दाव्याच्या भरवशावर आहे हे त्याला कुणी पॉवरपॉइंट दाखवून शिकवलेलं नसतं. किंवा आपल्या आयांकडे बघा. मंगळसूत्र जुनं झालं की तुटायची वाट न बघता पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घेतात. कानातलं घातलं की फिरकी दोनदा पिळतात. सोनं कितीही शुद्ध असलं तरी ते शेवटी दोऱ्यावर आणि फिरकीवर टिकतं, एवढी साधी गोष्ट.

आणि आपण? आपण दोन महिने रिव्ह्यू वाचतो. मशीन स्विस की जपानी, तासाला ठोके किती, काच नीलमणी की साधी, सगळं तोंडपाठ. मग ईएमआयवर पन्नास-साठ हजारांचं घड्याळ घेतो आणि ते कशावर लटकलंय हे आयुष्यात एकदाही बघत नाही.

ते लटकलेलं असतं दोन पिनांवर. घड्याळाच्या डबीला वर दोन आणि खाली दोन अशी छोटी शिंगं असतात, कंपनीवाले त्यांना लग म्हणतात. प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीक पोकळ नळी, आत स्प्रिंग, दोन्ही टोकांना सुईसारखी टोकं. ही टोकं शिंगांमधल्या इवल्याशा भोकांत अडकतात. झालं. तुमचे साठ हजार त्या टोकांवर. घड्याळजीकडे ही पिन चिल्लर पैशांत मिळते. घामाने ती गंजते, स्प्रिंग मरते, किंवा पट्टा बदलताना टोक नीट भोकात बसतच नाही आणि बाहेरून कळतही नाही. ‘क्विक रिलीज’ नावाचा जो नवा प्रकार आहे, त्यात तर पिनेला बाहेर एक खिटी असते. नखाने सरकवली की पिन सुटते. सोयीचं आहे, कबूल. पण ती तुमच्याच नखाने सरकेल याची हमी कोण देणार?

आपल्या भाषेत सांगायचं तर नेहमीचा पट्टा हा दोन तुकड्यांचा असतो. वरचा तुकडा वरच्या पिनेवर, खालचा खालच्या पिनेवर. दोघांपैकी कुठलीही एक पिन गेली की घड्याळ गेलं. त्यात बक्कलसुद्धा बहुतेक वेळा तिसऱ्या पिनेवर असतं. स्टीलच्या पट्ट्याची तर गंमतच. दोन पिना, शिवाय प्रत्येक काढता येणाऱ्या कडीची वेगळी पिन, शिवाय टिचकीचं कुलूप. दिसायला सगळ्यात मजबूत आणि सुटायच्या जागा सगळ्यात जास्त. ऑफिसात असं डिझाइन कुणी मांडलं असतं तर आपणच त्याला रिव्ह्यूमध्ये सोलून काढलं असतं. सर्व्हरला बॅकअप पाहिजे, बॅकअपला बॅकअप पाहिजे, आणि मनगटावर मात्र रामभरोसे!

यावरचा उपाय जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी जी घड्याळं बनवून घेतली, त्यांत या स्प्रिंगच्या पिना नव्हत्याच. शिंगांमध्ये पक्क्या दांड्या होत्या. दांडी निघत नाही म्हटल्यावर पट्टा तिच्यामागून ओवूनच घ्यावा लागायचा. पुढे १९७३ साली ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने मनगटी पट्ट्याचं एक लेखी मानकच काढलं: नायलॉनचा, करड्या रंगाचा, २० मिलिमीटर रुंद. आज बाजारात ‘नाटो पट्टा’ म्हणून जे मिळतं ते याचंच पिल्लू. नाव ऐकून उगाच दबून जाऊ नका. वस्तू म्हणजे आपल्या पलंगाची नवारच, फक्त अरुंद आणि घट्ट विणीची.

युक्ती विणीत नाही, ओवण्यात आहे. हा पट्टा अखंड. वरच्या पिनेमागून खाली उतरतो, डबीच्या पोटाखालून जातो, खालच्या पिनेमागून वर येतो. आता एक पिन तुटली तर काय होईल? घड्याळ एका बाजूने लोंबेल, तुम्ही दचकाल, पण ते दुसऱ्या पिनेवर अडकून राहील. दोन्ही पिना एकदम जाव्या लागतील तेव्हाच घड्याळ पडेल. समजा एक पिन दगा देण्याची शक्यता शंभरात एक आहे. दोन तुकड्यांच्या पट्ट्यात घड्याळ जाण्याची शक्यता शंभरात जवळपास दोन. अखंड पट्ट्यात दहा हजारांत एक. (आकडे समजण्यापुरते आहेत. आणि दोन्ही पिना एकाच दिवशी बसवल्या असतील तर एकदमच म्हाताऱ्या होतील, म्हणून बदलताना जोडी बदला.)

इथेच एक फसवणूक सांगून ठेवतो. शोरूममध्ये ‘कापडी पट्टा द्या’ म्हटलं की विक्रेता हसतमुखाने कॅनव्हासचा दोन तुकड्यांचा पट्टा काढून देतो. रंग लष्करी, शिलाई जाड, किंमतही लष्करी. पण तो त्याच दोन पिनांवर लटकणार! कापड म्हणजे सुरक्षा नव्हे. अखंड असणं म्हणजे सुरक्षा. हा फरक कळला की या लेखाचं काम झालं, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

वाचणार असाल तर भिगवणला चला. थंडीत पुण्याहून निम्मी आयटी जनता शनिवारी पहाटे सोलापूर रस्त्याने तिकडेच निघालेली असते, रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ... उजनीच्या फुगवट्याचं पाणी, कोळ्यांच्या होड्या, गळ्यात कॅमेरे. होडीत चढताना काठ धरायचा, वल्ह्याला हात लावून बघायचा, पाण्यात हात घालून सेल्फी. मनगटाला झटका बसायला आणखी काय हवं? माझ्या ओळखीतल्या एकाचं घड्याळ असंच गेलं. वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून घेऊन दिलेलं. टप्प असा आवाज झाला म्हणे, बस्स. होडीवाला बिचारा बांबूने गाळ ढवळत बसला. काय सापडणार?

त्या घड्याळाच्या डायलवर ‘१०० मीटर’ लिहिलेलं होतं. हा आणखी एक विनोद. ती हमी डबीत पाणी न शिरण्याची असते, डबी हातावर राहण्याची नसते. उजनीच्या तळाशी ते पुढे काही दिवस अगदी अचूक वेळ दाखवत राहिलं असेल, माशांना. वॉरंटी कार्डाचं म्हणाल तर हमी मशीनची असते, हरवलेल्या घड्याळाची नाही. उन्हाळ्यात धरण ओसरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर पुन्हा वर येतं. घड्याळ येत नाही.

पाण्याचं सोडा, वारीचं बघा. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला येते. हल्ली आपल्यातले बरेच जण सुट्टी काढून एक-दोन टप्पे चालतात. चांगलंच आहे. पण बेलवाडीच्या रिंगणातली रेटारेटी, सराटीला नीरेवर पादुकांच्या स्नानाची गर्दी, अंगावर पाऊस आणि घाम. चामड्याचा पट्टा दुसऱ्या दिवशी फुगतो, तिसऱ्या दिवशी वास मारतो, आणि भोकाशी कधी फाटेल सांगता येत नाही. नायलॉनचा पट्टा मुक्कामाला साबणाने धुवायचा आणि रात्री दोरीवर टाकायचा. सकाळी तयार.

आता आक्षेप.

‘शोभत नाही हो, बॅगेचा बंद वाटतो.’ १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये शॉन कॉनरीच्या रोलेक्सला कापडी पट्टाच होता, आणि तोही शिंगांमधल्या जागेपेक्षा अरुंद! जेम्स बाँडला शोभला तो हिंजवडीला शोभत नाही?

‘घड्याळ उंच होतं.’ होतं. पोटाखाली कापडाचे दोन थर येतात, दोन-अडीच मिलिमीटर वाढतात. फार खुपत असेल तर एकाच थराचा पट्टा घ्या. त्याला आतली छोटी पट्टी नसते, त्यामुळे बक्कल सोडल्यावर घड्याळ घसरून निघू शकतं, तेवढं भान ठेवा. दोन थरांच्या पट्ट्यात ते जागच्या जागी राहतं.

‘मागच्या काचेतून मशीन दिसतं, ते झाकलं जाईल.’ घड्याळ हातात असताना ते मशीन फक्त तुमच्या मनगटावरच्या केसांना दिसतं, राव.

एक आक्षेप मात्र खरा आहे. स्मार्टवॉचला हा पट्टा चालत नाही. नाडी मोजणारा सेन्सर पोटाशी असतो आणि पट्टा नेमका तोच झाकतो. तिथे कंपनीचाच पट्टा वापरा आणि त्याची खाच नीट बसलीय का ते बघत जा.

आणि दुसरी गोष्ट आक्षेपापेक्षा मोठी आहे, म्हणून ती गमतीत सांगणार नाही. न तुटणारा पट्टा हा गुण यंत्राजवळ अवगुण होतो. सुट्टीत गावाकडे गेलात आणि कडबाकुट्टीत वैरण सारायला बसलात, रसवंतीच्या चरकात ऊस घालायला हौसेने पुढे झालात, तर घड्याळ आधी काढून खिशात घाला. कमकुवत पिनेचं घड्याळ यंत्रात अडकलं तर घड्याळ जाईल. अखंड नायलॉन अडकलं तर ते सुटणार नाही, हात ओढत नेईल. घड्याळ वाचवायचा सल्ला हाताच्या किमतीवर नको.

बाकी विकत घेताना काय बघायचं? शिंगांमधलं अंतर पट्टीने मोजा. बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर निघेल, तेवढाच पट्टा घ्या. विणकाम गाडीच्या सीट बेल्टसारखं दाट हवं. टोकं आणि भोकं उष्णतेने वितळवून बंद केलेली हवीत, नाहीतर महिन्यात झिपऱ्या निघतात. बक्कल धरणारा जोड नुसता चिकटवलेला नसावा, शिवलेला किंवा वितळवून सांधलेला असावा. कारण अखंड पट्ट्यालाही सुटायच्या दोन जागा उरतातच: बक्कल आणि त्याचा जोड. भोकांशिवायचा जाळीदार विणीचा पट्टाही मिळतो, त्याला पर्लॉन म्हणतात. उन्हाळ्यात हवा खेळते, पण सैल पडतो, अधूनमधून आवळावा लागतो. वेलक्रो अपोलोच्या अंतराळवीरांनी स्पेससूटच्या बाहीवरून वापरला होता. पण चंद्रावर उसाचं पाचट नव्हतं. आपल्याकडे फुफाटा आणि कुसळं त्यात भरली की पकड गेली. आणि पट्टा बदलाल तेव्हा घड्याळजीला सांगून नव्या, जाड पिना बसवून घ्या. पट्टा नवा आणि पिना पाच वर्षांपूर्वीच्या, ही काटकसर नव्हे.

हे सगळं एवढं तावातावाने का लिहितोय? कारण घड्याळ हरवण्याच्या भीतीवर लोकांनी शोधलेला दुसरा उपाय मला जास्त खुपतो. तो म्हणजे ते कपाटात ठेवणं. बंगळुरूच्या कारखान्यात १९६१ पासून एचएमटीने घड्याळं बनवली आणि आपल्या आधीच्या पिढीने ती शेतात, एसटीत, शाळेत, बाजारात रोज घातली. तेव्हाच्या पगाराच्या मानाने तीही महागच होती. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला, पण ती घड्याळं अजून घराघरांत किल्ली दिली की चालतात. आपण मात्र त्याहून कितीतरी मजबूत घड्याळ घेतो, ते डब्यात घालून लॉकरमध्ये ठेवतो आणि भिगवणला मोबाइलवर वेळ बघतो. पाणी लागेल, ओरखडा पडेल, कुणी ओढून नेईल. मग घेतलं कशाला? दाव्याची काळजी वाटते म्हणून कुणी म्हैस माडीवर नेऊन ठेवतं का?

असो. शनिवारी पहाटे गाडी काढायच्या आधी एक करा. घड्याळ गादीवर धरा आणि पट्ट्याची दोन्ही टोकं दोन हातांनी चांगली हिसडा देऊन ओढा. सुटायचं असेल तर ते गादीवर सुटू दे.