खेळातून स्पॅनिश

अमेरिकेतील शाळांत परकीय भाषांपैकी सर्वाधिक शिकविली जाते ती स्पॅनिश. तरीही व्याकरण घोकलेले पुष्कळ विद्यार्थी बोलण्याची वेळ येताच गप्प होतात. यावर मेक्सिकोतील ‘लोतेरिया’ हा ५४ चित्रपत्त्यांचा खेळ उपयोगी पडावा. एकजण ‘एल गायो’ म्हणजे कोंबडा, ‘ला लूना’ म्हणजे चंद्र, असे पुकारतो. इतर आपापल्या चित्रावर दाणा ठेवतात. ‘एल’ पुल्लिंगी, ‘ला’ स्त्रीलिंगी. मराठीतला पुल्लिंगी चंद्र तेथे स्त्रीलिंगी होतो, हे सहज कानी ठसते. वर्गात त्यासाठी खडू आणि कागदाचे तुकडे पुरतात. मात्र पुकारण्याची पाळी बुजऱ्या मुलालाही मिळाली पाहिजे. एरवी त्याच्यापुरता तो खेळ म्हणजे आणखी एक मूक तास ठरेल.