आयते गडी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. पुण्याच्या काकूंनी मध्यंतरी फोनवर विचारलंही, "काय रे, लिहिणं सोडलंस की काय?" सोडलं नाही काकू, विषय सापडत नव्हता. आता सापडलाय, आणि तोही तुमच्याच फोनमुळे.

झालं असं की हिवाळ्यात आमच्या मुरुमात कबड्डीचे सामने झाले. तीन दिवस, रात्री लाईट लावून. शेवटचा सामना आमच्या गावाच्या संघाने जिंकला, फटाके उडाले, गुलाल झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन, "अभिनंदन! मुरुम जिंकलं म्हणे!" मी म्हटलं, "जिंकलं खरं काकू, पण मुरुम खेळलंच नाही." त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. मैदानात सात गडी होते, त्यातले पाच बाहेरून आणलेले. तीन सोलापूरकडचे, दोन आणखी कुठले तरी. जाण्यायेण्याचा खर्च, जेवणखाण आणि मानधन मिळून चाळीस हजारांच्या आसपास गेले, असं मंडळातल्याच एकाने सांगितलं. गडी चांगले होते, यात वाद नाही. त्यातल्या एकाची चढाई बघताना मीही उभा राहून ओरडलो, खोटं कशाला सांगू! पण माझ्या चुलतभावाचा मुलगा (नाव लिहीत नाही, घरात भांडण नको), जो डाव्या कोपऱ्यात खेळतो आणि वर्षभर पहाटे उठून पळतो, तो तीनही रात्री बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या देत होता. त्याच्या आईने जर्सी इस्त्री करून दिली होती. ती इस्त्री मोडली नाही.

सामने संपले, पाचही गडी रात्रीच गाडी करून निघून गेले, आणि कप मंडळाच्या काचेच्या कपाटात गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर गेलो तर मांडवाच्या बांबूंचे खड्डे आणि दोन शेळ्या.

आता हे वाचून काही जणांना वाटेल की मी 'भूमिपुत्र' वगैरे गळा काढणार. अजिबात नाही. आमच्या गावात 'बाहेरचा' कोणाला म्हणायचं हाच मुळात प्रश्न आहे. कर्नाटकची हद्द इथून जवळ. निम्म्या घरांत कन्नड चालतं, दुकानदार गिऱ्हाईकाचं तोंड बघून भाषा बदलतो, सोयरिकी आळंदला आणि कलबुर्गीला. हद्दीपलीकडून आलेला गडी बाहेरचा म्हणावा तर तो अर्ध्या गल्लीचा भाचा निघतो.

आणि दुसरं म्हणजे, मला स्वतःला कबड्डी शिकवली ती बाहेरच्याच माणसाने. आमच्या शाळेत सांगलीकडचे एक सर बदलून आले होते. त्यांची मराठी आम्हाला परकी वाटायची, त्यांना आमची. कन्नडचं तर नावच नको. पहिल्या आठवड्यात आम्ही त्यांच्या बोलण्याच्या नकला केल्या. पण त्यांनी काय केलं, तर रोज संध्याकाळी साडेपाचला चुन्याची फक्की मारून मैदान आखायला सुरुवात केली. कोणी येवो न येवो. पायपकड करताना आधी नजर कुठे ठेवायची, दम राखून परत कसं फिरायचं, साखळी करताना शेजाऱ्याचं मनगट कसं धरायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. ते बदलून गेले त्याला किती वर्षं झाली. पण आज गावात ज्याला पकड नीट जमते, तो एकतर त्यांच्या हाताखालचा किंवा त्यांच्या हाताखालच्याच्या हाताखालचा.

म्हणजे माझं भांडण बाहेरच्या माणसाशी नाही. माझं भांडण आहे ते तीन रात्रींसाठी भाड्याने आणलेल्या जिंकण्याशी. ह्या दोन गोष्टी लोक एकाच पोत्यात घालतात आणि मग 'आपला की परका' असा वाद घालत बसतात.

कबड्डीचंच मोठं उदाहरण घ्या. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला 27-24 असं हरवलं. 2010 आणि 2014 दोन्ही वेळचं सुवर्ण आपलं होतं. आणि इराणच्या बाजूला प्रशिक्षक म्हणून कोण उभं होतं, तर नाशिकच्या शैलजा जैन! त्या वेळी आपल्याकडे दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया आल्या. काही जणांना अभिमान वाटला, काही जण म्हणाले की घरची बाई परक्यांना शिकवते म्हणजे काय. मला तिसरंच वाटलं. इराणने भारतातून सात मुली आणून उभ्या केल्या नाहीत. त्यांनी एक बाई नेली, जिने नाशिकमध्ये वर्षानुवर्षं मुलींना घडवलं होतं, आणि आपल्या पोरी तिच्या ताब्यात दिल्या. दीड-दोन वर्षांत त्या पोरींनी सुवर्णपदक आणलं. बाई परत आल्या, पण शिकलेलं तिथेच राहिलं.

त्याच स्पर्धेत पुरुषांचा उपांत्य सामनाही इराणने जिंकला, 27-18. 1990 पासून प्रत्येक आशियाई स्पर्धेत सुवर्ण आपलंच, आणि ह्या वेळी आपण अंतिम फेरीतसुद्धा नाही. त्यांचा फजल अत्राचली आठवतो ना? डाव्या कोपऱ्यातला तो दांडगा गडी. 2015 मध्ये तो यू मुंबाकडून प्रो कबड्डी खेळला, मुंबई जिंकली, आपण टाळ्या वाजवल्या. तो आपल्याकडे पैसे मिळवायला आला आणि जाताना आपल्या चढाईपटूंच्या सगळ्या सवयी डोक्यात घेऊन गेला. ह्याला म्हणतात बाहेर जाऊन खेळणं! पुढे 2023 मध्ये हांगझोऊला आपण दोन्ही सुवर्णं परत मिळवली, ते सोडा. पण 2018 चा धडा कोणी घेतला असेल तर मला दाखवा.

थोडं क्रिकेटकडे वळतो, कारण आमच्या मंडळातले अर्धे लोक क्रिकेटचंच उदाहरण देतात. "विदर्भाने नाही का बाहेरचे आणले? म्हणून तर रणजी जिंकली!" हो, आणले. पण कसे आणले ते बघा की. वासिम जाफर मुंबई सोडून 2015-16 च्या हंगामात विदर्भाकडे गेला. रणजी करंडक आला 2017-18 ला. म्हणजे तो काही अंतिम सामन्यापुरता उतरला नव्हता. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचे, शिस्तीला कडक. पण इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली रजनीश गुरबानीने, शतक ठोकलं अक्षय वाडकरने, आणि कप्तान होता नागपूरचा फैज फजल. पुढच्याच वर्षी पुन्हा करंडक. मग पंडित गेले (आणि 2022 मध्ये मध्य प्रदेशला घेऊन चक्क मुंबईलाच अंतिम सामन्यात हरवून आले, हा एक वेगळाच गंमतीचा विषय). आणि 2024-25 ला विदर्भ तिसऱ्यांदा जिंकला तेव्हा प्रशिक्षक कोण? उस्मान गनी, विदर्भाचाच जुना खेळाडू. अंतिम सामन्यात केरळविरुद्ध बाहेरून आलेल्या करुण नायरने शतक केलं हे खरंच, पण त्याच सामन्यात नागपूरच्या दानिश मालेवारने 153 केल्या, आणि हर्ष दुबेने त्या हंगामात 69 बळी घेतले, जो रणजीच्या एका हंगामातला विक्रम आहे.

आमच्या मंडळाला विदर्भ हवा असेल तर जरूर घ्यावा. पण मग सगळा घ्यावा. नुसता जाफर नको.

आता उलट बाजूच्या लोकांचंही ऐकवतो, कारण तेही कमी नाहीत. आमच्या गावची दोन-तीन पोरं पोलीस भरतीच्या निमित्ताने पुण्याला गेली आणि तिथे एका चांगल्या क्लबात खेळतात. दिवाळीला आली की इथे सराव करतात. त्यांना सामन्यात घ्यायचं म्हटलं की एक गट ओरडतो, "वर्षभर गावात नसतात, ह्यांना गावाचं काय पडलंय, पाय जपून खेळतात." अहो, पाय जपतात कारण त्या पायांवर त्यांची नोकरी ठरणार आहे! शेजारच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या तालमीत जाऊन घडले. महाराष्ट्र केसरी झाले, हिंदकेसरी झाले. म्हणून कोणी त्यांना कोल्हापूरकर म्हणून टाकून दिलं का? आमच्याकडची म्हातारी माणसं अजून 'आपले बिराजदार मामा' म्हणतात. मल्लाला एक न्याय आणि कबड्डीच्या पोराला दुसरा, हे कसं?

हा वाद आफ्रिकेतल्या फुटबॉलमध्ये तर कित्येक वर्षं चाललाय, युरोपात खेळणारे घ्यायचे की देशातले, प्रशिक्षक गोरा आणायचा की आपला. तिथे दोन्ही गटांना पुरावा सापडतो. इजिप्तने 2006, 2008 आणि 2010 असा सलग तीनदा आफ्रिकेचा कप जिंकला, प्रशिक्षक हसन शेहाता त्यांचाच आणि बहुतेक खेळाडू कैरोच्या क्लबांतले. उलट 2022 च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या 26 जणांपैकी 14 जण परदेशात जन्मलेले, आणि प्रशिक्षक वालिद रेग्रागीचा जन्मही फ्रान्सचा. पण तोच मोरोक्को, फक्त देशातल्या लीगमध्ये खेळणाऱ्यांसाठी जी आफ्रिकेची वेगळी स्पर्धा असते ना, तीही तीनदा जिंकलाय. बाहेरचे बोलावले म्हणून त्यांनी घरची अकादमी बंद केली नाही. आपण मात्र फुटबॉलमध्ये दोन्हीकडून गेलो. भारतीय नागरिकत्वाशिवाय खेळता येत नाही, त्यामुळे पुणे एफसीकडून खेळणाऱ्या अराता इझुमीला 2012 मध्ये जपानी नागरिकत्व सोडावं लागलं तेव्हा कुठे तो भारताकडून खेळला. आणि घरची पोरं घडवावीत, तर नोव्हेंबर 2025 मध्ये ढाक्यात बांगलादेशाने आपल्याला 1-0 हरवलं. त्यांच्याकडे इंग्लंडात वाढलेला हमझा चौधरी होता हे खरं, पण गोल मात्र त्यांच्या घरच्या पोराने, शेख मोरसालिनने केला.

असो. फुटबॉल पुरे, मूळ मुद्द्यावर येतो.

सामन्यांनंतर मंडळाची बैठक झाली. मी सरळ म्हटलं की पुढच्या वर्षी ते चाळीस हजार गड्यांवर घालू नका, त्यात थोडी भर घालून वर्षभरासाठी एक प्रशिक्षक ठेवा. कुठलाही चालेल. सोलापूरचा, सांगलीचा, कलबुर्गीचा, हरियाणाचा. फक्त रोज साडेपाचला मैदानावर पाहिजे. लोक हसले. एक जण म्हणाला, "अन् कप गेला मग?" दुसरा म्हणाला, "कपामुळं पोरांना हुरूप येतो ना." मी विचारलं, कोणत्या पोरांना? बाटल्या देणाऱ्या? तर म्हणे तुम्ही प्रत्येक गोष्टीत घरचं आणता. आणतो! घरचं पोरगं होतं म्हणून तर मला दिसलं. इतर चार जण बाहेर बसले होते त्यांचे काका लिहीत नाहीत एवढंच.

खरं कारण मला माहीत आहे. प्रशिक्षक ठेवला की मैदान लागतं, मैदानाला माणूस लागतो, पावसाळ्यात मॅट कुठे ठेवायची ते बघावं लागतं, आणि पहिली दोन वर्षं हरावं लागतं. आयत्या गड्यांना यातलं काही लागत नाही. एक गाडी, एक फोन आणि एक हार. शिवाय फलकावर फोटो आपलाच.

पोराला मी विचारलं, "पुढच्या वर्षी खेळणार का?" तो म्हणाला, "काका, आधी ते बांबूचे खड्डे तरी बुजवायला सांगा, परवा पाय मुरगळला." काल संध्याकाळी आम्ही दोघं घमेलं आणि फावडं घेऊन गेलो होतो. सहा खड्डे झाले, अजून बरेच आहेत. काकू, तुम्ही मे महिन्यात येणार आहात, तेव्हा अण्णांना जुने कपडे घेऊन यायला सांगा.