तंबोऱ्यामागची जागा

गवई बैठकीस बसला, की त्याच्या मागे सूर कोण धरतो, इकडे श्रोत्यांचे लक्ष असते काय? आमच्या सांगोल्यास हा प्रश्न विशेष शोभतो. तंबोऱ्यास लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतात आणि त्यांचे तंबोरे मिरजेस घडतात. पंढरपुराहून मिरजेस जाणाऱ्या लोहमार्गावरच आमचे गाव वसले आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. असे असता, आज पुष्कळ बैठकींत व भजनांत तंबोऱ्याच्या जागी विजेवर चालणारी लहानशी पेटी दिसते. ती १९७९ साली बंगळूर येथे जी. राज नारायण यांनी सिद्ध केली. हल्ली तर तेच काम मोबाइलही करतो.

याबद्दल श्रोत्यांनी कुरकुर केल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आणि त्यांस दोष देण्याचेही कारण नाही. तंबोऱ्याने अखंड व अविचल राहावे, एवढीच सभेची अपेक्षा. ती पेटी पुरी करते. एस.टी.च्या गर्दीत भोपळा फुटण्याची धास्ती तिला नाही, की हवा पालटली म्हणून तिचा सूर उतरत नाही. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली व ती सुमारे तीस वर्षे चालविली. तथापि लोकांनी आपल्या बैठकीतून तिला घालविले नाही.

परंतु याच श्रोत्यांसमोर तबलजीऐवजी ठेका देणारे यंत्र ठेवून पाहावे. घटकाभरात मंडळी चुळबुळ करू लागतील. ठेका बिनचूक असेल. पण गवई तान लांबवून नेमका समेवर येताच तबलजीच्या मुद्रेवर जे हसू उमटते आणि त्यासरशी सभेतून जी दाद येते, ती यंत्रास कोठली? वाद्य लाकडाचे की विजेचे, याची चौकशी श्रोता करीत नाही. गाणाऱ्याचे गाणे तेथे दुसरे कोणी ऐकत आहे की नाही, हे मात्र त्यास तत्काळ कळते.

तंबोऱ्याच्या बाबतीत हे ऐकणारे माणूस गवयाच्या मागे बसते, म्हणून त्याचे जाणे चटकन ध्यानी येत नाही. ती शिष्याची जागा. तेथे बसून खर्ज-पंचम मिळविताना, घोडीवरच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी खुलविताना, त्याचा कान तयार होई. गुरूचा आलाप तो हातभर अंतरावरून ऐके. पेटीने गवयाची सोय झाली, सभेचे काही बिघडले नाही. हानी झाली ती त्या शिष्याची, आणि तो तक्रार करावयास सभेत उभा राहत नाही.

म्हणून ज्या घरांत मुलेमुली गाणे शिकतात, तेथील वडील मंडळींस आमची एक सूचना आहे. पेटी प्रवासास असू द्यावी. घरच्या बैठकीस मात्र गवसणीतला तंबोरा बाहेर काढावा, तो मुलांकडूनच जुळवून घ्यावा, आणि कोणी जाणते पाहुणे गाणार असल्यास त्यांच्या मागे मुलांस बसवावे. पहिल्या दोन-चार खेपांस सूर लागण्यात अर्धा तास जाईल. चहा तेवढा वेळ थांबू शकतो.