विश्लेषण : सातबारावर नाव, तरी बँकेत पत का नाही? वतन जमीन आणि दलित उद्योजकांचा पेच

रावेत, किवळे, पुनावळे या पट्ट्यात शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले. जवळच महामार्ग, पलीकडे तळेगाव-चाकणचे कारखाने. अशा भागात छोट्या उद्योजकाचे पहिले भांडवल म्हणजे जमीन. दोन गुंठे विकून शेड उभारता येते, गहाण ठेवून मशीन घेता येते. अनेक दलित कुटुंबांकडे मात्र जमीनच नव्हती. ज्यांच्याकडे होती, त्यातली बरीच वतनाची.

महार वतन म्हणजे काय?
गावची हद्द राखणे, सरकारी निरोप पोहोचवणे अशा कामांच्या बदल्यात मिळालेली जमीन. हे वतन गुलामगिरीचे साधन बनले, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे म्हणणे होते. 1928 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात सुधारणेचे विधेयक मांडले. वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती 1958 च्या कायद्याने.

मग जमीन कोणाची झाली?
ठरलेली रक्कम भरणाऱ्या वतनदारांना ती परत देण्यात आली, पण 'भोगवटादार वर्ग 2' म्हणून. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा यांशिवाय विक्री नाही. गरिबाची जमीन कोणी कवडीमोलाने बळकावू नये, हा हेतू.

अडचण कुठे येते?
वर्ग 2 ची जमीन बँकेकडे गहाण ठेवण्याची वाट महसूल कायद्यात आहे. पण विक्रीवर अट, त्यात वारसांची लांबलचक यादी; अशा जमिनीवर कर्ज द्यायला बँका कचरतात. परवानगीसाठी हेलपाटे मारण्याची आणि नजराणा भरण्याची ताकद बहुतेकदा खरेदीदाराकडे असते, वारसांकडे नाही. त्यामुळे भाव वाढला तरी फायदा थांबू शकणाऱ्यालाच होतो.

मुंढव्यात काय घडले?
नोव्हेंबर 2025 मध्ये पार्थ पवार भागीदार असलेल्या अमेडिया कंपनीचा मुंढव्यातील सुमारे 40 एकर महार वतन जमिनीचा 300 कोटींचा व्यवहार गाजला. जमिनीवर सरकारची नोंद असताना वारसांच्या कुलमुखत्यारपत्राच्या आधारे दस्त झाला. दुय्यम निबंधक निलंबित झाले, चौकशी समिती नेमली गेली आणि व्यवहार रद्द करत असल्याचे जाहीर झाले.

योजनांचा उपयोग होतो का?
2005 मध्ये पुण्यात दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना सुरू झाली. केंद्राच्या 2012 च्या धोरणात सरकारी खरेदीतील 4 टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी आहे. 2016 च्या 'स्टँड-अप इंडिया'त 10 लाख ते 1 कोटींचे कर्ज होते. मात्र ऑर्डर आणि कर्ज मिळाले, तरी शेड कुठे टाकायची हा प्रश्न उरतोच.

हे फक्त इथलेच आहे का?
नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांची जमीन मृत्युपत्राविना वारसांत सामाईक राहिली. एका वारसाचा हिस्सा विकत घेऊन बाहेरचा माणूस न्यायालयामार्फत सगळ्या जमिनीची विक्री घडवून आणू शके. तिथे 2010 मध्ये नमुना कायदा तयार झाला आणि पुढे अनेक राज्यांनी तो स्वीकारला. त्यात इतर वारसांना तो हिस्सा आधी विकत घेण्याची संधी मिळते.

तुमच्या कुटुंबाची अशी जमीन असेल तर?
'महाभूलेख'वर सातबारातील भोगवटादार वर्ग आणि 'इतर हक्क' हा रकाना पाहा. जुने फेरफार काढा, वारसनोंद पूर्ण करा. कुलमुखत्यारपत्रावर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा. त्या एका सहीने विक्रीचा अधिकार दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो.