थायरॉईड आहे? मग रंगाचं इंजेक्शन टोचण्याआधी बोला

वर्धा जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांतील नागरिकांना, विशेषतः ज्यांच्या घरात कुणाला थायरॉईडचा त्रास आहे त्यांना, ही विनंती.

सिटी स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक प्रश्न हटकून कानावर येतो : "मले थायराईड हाये, मंग तो रंगाचा स्कॅन चालते का?" कुणी शेजाऱ्याकडून ऐकलेलं असतं, कुणी मोबाईलवर वाचलेलं. काही जण घाबरून तपासणी न करताच घरी जातात. काही जण थायरॉईड असल्याचं सांगतच नाहीत. सांगितलं तर आजचा नंबर जाईल, आर्वीहून पुन्हा एस.टी. पकडून यावं लागेल, मजुरी बुडेल, ही धास्ती. धास्ती खोटी नाही, पण दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. थायरॉईड असलेल्या बहुतेकांना हे इंजेक्शन चालतं. मोजक्यांना चालत नाही. आपण कोणत्या गटातले, हे आतल्या माणसाला तुमच्याकडूनच कळायचं आहे.

आधी हे औषध काय आहे ते बघू. सिटी स्कॅन, अँजिओग्राफी, मूत्रमार्गाचा आयव्हीपी, मूल राहत नाही म्हणून गर्भनलिकांचा काढतात तो एचएसजी, या सगळ्यांत वापरतात त्या रंगात आयोडीन असतं. आयोडीन क्ष-किरण अडवतं, म्हणून रक्तवाहिन्या आणि गाठी फोटोत उठून दिसतात. हा गुण कळला तोही योगायोगाने. उपदंशावर सोडियम आयोडाइड देत असत. त्या रुग्णांचं मूत्राशय एक्स-रेमध्ये दिसतं हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि १९२३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

आता मात्रा बघा. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावं असा नियम आहे, म्हणजे दहा ग्रॅम मिठात दिवसाची गरज भागते. आणि एका सिटी स्कॅनला लागणाऱ्या १०० मिलिलिटर रंगात साधारण ३० ग्रॅम आयोडीन असतं. आकडा ऐकून छातीत धस्स होईल, पण यातलं जवळजवळ सगळं आयोडीन रेणूत घट्ट बांधलेलं असतं आणि मूत्रपिंड ठीक असेल तर एका दिवसात लघवीवाटे निघून जातं. मोकळं सुटतं ते अगदी थोडं. तेवढंसुद्धा रोजच्या गरजेच्या कितीतरी पट असतं आणि लघवीतलं आयोडीन पूर्ववत व्हायला महिना-दीड महिना लागतो. निरोगी ग्रंथी हा लोंढा सहन करते. काही दिवस आपलं काम मंदावते, मग सावरते.

ज्यांची थायरॉईड कमी आहे आणि जे सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेतात, त्यांनी घाबरण्याचं कारण नाही. गोळी बंद करू नका. स्कॅनला उपाशी यायला सांगितलं असलं तरी घोटभर पाण्याबरोबर गोळी चालते का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा; बहुधा हो म्हणतील. शस्त्रक्रियेत पूर्ण ग्रंथी काढली असेल तर बिघडायला ग्रंथीच उरलेली नाही. अर्धी काढली असेल, किंवा प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटली आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर पुढच्या काही आठवड्यांत थकवा, सूज, बद्धकोष्ठता वाढल्यास टीएसएच पुन्हा तपासा. एवढंच.

खरी काळजी घ्यायची ती वाढलेल्या थायरॉईडवाल्यांनी. ग्रंथी अतिसक्रिय आहे आणि अजून आटोक्यात आलेली नाही, अशा माणसाला हा रंग तातडीशिवाय देऊ नये, असं युरोपातल्या रेडिओलॉजी तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. दुसरा गट सहज नजरेतून सुटतो : गळ्याशी वर्षानुवर्षं गाठाळ गलगंड घेऊन वावरणारे वयस्क. "दुखत नाही, मग कशाला दाखवायचं" म्हणत ज्यांनी कधी रक्तही तपासलं नाही, असे आजी-आजोबा आपल्या प्रत्येक गावात असतील. त्या गाठींतल्या काही आपल्या मर्जीने संप्रेरक बनवत असतात. जादा आयोडीन मिळालं की त्या जोर धरतात. त्रास त्याच दिवशी दिसत नाही. दोन ते बारा आठवड्यांनी धडधड, हातांना कंप, घाम, वजन उतरणं सुरू होतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात असताना घाम आणि धडधड कुणीही उन्हाच्या नावावर खपवेल. म्हणून स्कॅन झाल्याची तारीख घरात कुणीतरी लिहून ठेवा.

थायरॉईडच्या कर्करोगाच्या रुग्णांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे रंगाने जिवाला नाही तर वेळापत्रकाला धक्का बसतो. शस्त्रक्रियेनंतर काही जणांना किरणोत्सारी आयोडीन द्यावं लागतं. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. आपल्याकडचे रुग्ण सेवाग्राम एक्स्प्रेस किंवा विदर्भ एक्स्प्रेसने तिथवर जातात. उरलेल्या थायरॉईड पेशींनी ते औषध शोषून घ्यावं, यावर सगळा उपचार उभा असतो. महिन्याभरात रंगाचा सिटी झालेला असेल तर त्या पेशी आधीच आयोडीनने भरलेल्या असतात, आणि औषध वाया जातं. मग एक ते दोन महिने थांबा म्हणतात. रजा, तिकीट, राहण्याची सोय, सोबत येणाऱ्या माणसाची सुट्टी, सगळं मुसळ केरात. थायरॉईडचा रंगीत स्कॅन म्हणून जी किरणोत्सारी तपासणी होते तिलाही हाच नियम. म्हणून गळ्याच्या गाठीसाठी कुणी रंगाचा सिटी लिहून दिला तर विचारा : "पुढे रेडिओआयोडीन द्यावं लागेल का? आत्ता सोनोग्राफीवर भागेल का?" विचारल्याने डॉक्टर रागावत नाहीत. आणि रागावले तरी विचारा.

रंग प्रत्येक वेळी लागतोच असं नाही. मुतखड्यासाठी, लकव्याच्या पहिल्या तासात मेंदूसाठी बहुधा साधा सिटी पुरतो. एमआरआयच्या रंगात गॅडोलिनियम असतं, आयोडीन नसतं. बेरियमच्या घोटातही नसतं. पण अपघातात पोटात रक्तस्राव होतोय, फुप्फुसात गुठळी अडकली आहे, हृदयविकाराचा झटका आला आहे, अशा वेळी थायरॉईडचं कारण सांगून रंग अडवू नका. थायरॉईड नंतर सांभाळता येतं. डॉक्टरांना सांगा आणि सही करा.

मासे खाल्ल्यावर पुरळ येतं किंवा जखमेवरच्या तपकिरी औषधाने खाज सुटते, म्हणजे रंगही बाधेल, हा समज खरा नाही. आधी रंगानेच त्रास झाला असेल तर मात्र तो सांगायलाच हवा, तसंच मूत्रपिंडाचा आजारही. इंजेक्शन जाताना अंगातून गरम लाट जाते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. हे बऱ्याच जणांना होतं.

गरोदरपणात रंग द्यावा लागला असेल तर बाळाची थायरॉईड तपासणी पहिल्या आठवड्यात झालीच पाहिजे. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना रंग दिल्यावर तीन आठवड्यांच्या आत तपासणीचा विचार करावा, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२२ मध्ये सांगितलं. स्तनपान थांबवायचं कारण नाही.

सेवाग्रामला १९६९ पासून आणि सावंगीला १९९० पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. सेवाग्रामचे विद्यार्थी गाव दत्तक घेऊन घरोघर फिरतात. एकेकाळी तिथल्या आरोग्य विम्याचा हप्ता गावकऱ्यांनी ज्वारीत भरला आहे. इतकी जुनी ओळख असलेल्या जिल्ह्यात गळ्याची गाठ कुणाला आहे, हे आशाताईंना आणि या विद्यार्थ्यांना गावात शिरल्यावर तासाभरात कळू शकतं. त्यांनी वहीत एक रकाना वाढवावा.

स्कॅन केंद्रांनाही विनंती. संमतीपत्रावर मधुमेह आणि ॲलर्जीच्या शेजारी मराठीत विचारा : थायरॉईड वाढलेलं आहे का, गळ्याला गाठ आहे का, रेडिओआयोडीन घ्यायचं आहे का. आणि निघताना रुग्णाच्या हातात रंगाचं नाव, मात्रा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी द्या. मजकूर हवा असेल तर लिहून द्यायला मी तयार आहे.

— वर्ध्यातला एक डॉक्टर