शिकलेला कोणाला म्हणावे?

ज्याला लिहितावाचता येत नाही, त्याला आपण सहज अडाणी म्हणून मोकळे होतो. भंडारा जिल्ह्यातील तलावांच्या पाळीवरून चालणाऱ्याने तरी हा शब्द जपून वापरावा, असे मला वाटते.

पूर्व विदर्भात ६,००० हून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून ते बांधले गेले आणि त्या कामात कोहळी समाजाचा वाटा फार मोठा होता. आजच्यासारखी मोजमापाची यंत्रे त्यांच्यापाशी नव्हती. परंतु जमिनीचा उतार कोठून कोठे आहे, पाण्याचा लोंढा कोणत्या अंगाने येईल, पाळीची माती किती चोपावी, हे त्यांना नेमके उमगत असे. वरच्या तलावातून सांडलेले पाणी खालच्या तलावात आणि तेथून लहानशा बोडीत उतरे. हस्त-चित्रा नक्षत्रांच्या सुमारास धान लोंबीवर यावे आणि नेमका पावसाने दगा द्यावा, हा या भागाचा जुना अनुभव. अशा वेळी तलावाचे तुडुम उघडून बांध्यांत एक पाणी सोडले, तर वर्षाचे अन्न हाती येते; नाहीतर उरते ती केवळ तणीस!

हे ज्ञान कोणत्या पाठशाळेत मिळाले? बापाबरोबर गाळ उपसताना मुलगा ते शिके. ढिवराच्या पोराला कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आश्रयाने राहतो, हे जाळे टाकता टाकताच कळे. येथे काम हाच धडा आणि चुकलेले काम हीच शिक्षा.

पुढे १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाली. ते योग्यच झाले. रयतेच्या मानेवरचे जू उतरले. तलाव मात्र सरकारजमा झाले आणि पाळीची डागडुजी कोणी करावयाची, याविषयी गावाची आस्था हळूहळू ओसरली. अनेक तलाव गाळाने भरले. दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरम नावाची वनस्पती त्यांच्या काठाने माजली. (हे नाव तिला ज्याने दिले, त्याच्या मार्मिकतेला दाद दिली पाहिजे.) काम थांबले, तेव्हा त्याबरोबर शिकणेही थांबले.

यावर कोणी म्हणेल की, आता यंत्रयुग आहे. जुन्या तलावांचे काय घेऊन बसलात? वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ मध्ये बसली आणि त्याचे कालवे दूरवर गेले, हे खरे. मोठ्या धरणाला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. पण कालव्याचे पाणी चढावर कसे जाईल? जे शेत कालव्याहून उंच आहे, त्याला जवळचा तलावच तारणार. तलावात गाळ किती साचला, हे अभियंता मोजून सांगेल. कोणत्या भागातील गाळ उपसला तर माशांची अंडी घालण्याची जागा नष्ट होईल, हे मात्र त्याने ढिवरालाच विचारावे. त्यात त्याच्या पदवीला कमीपणा नाही.

आपल्या शाळांतील मुले नाईल नदीच्या पुराची माहिती घडाघडा सांगतात. ती त्यांना असावीच. पण तलावाकाठच्या शाळेतील एखाद्या मुलाला, तुमच्या तलावाचे तुडुम कोठे आहे, असे विचारून पाहावे. उत्तर आले नाही, तर उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर त्याला गावातील एखाद्या वृद्ध ढिवराबरोबर तलावात उतरू द्यावे.