खाते पुसण्यापूर्वी वही उतरवून ठेवा

नाशिकच्या दूध बाजारात, भद्रकालीत किंवा वडाळा नाक्याच्या गॅरेजवाल्यांत थोडा वेळ बसले की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येते : "हे व्हॉट्सॲप, फेसबुक सगळे कायमचे बंद करून टाकतो. डोक्याचा ताप तरी जाईल." बोलणारा कधी तयार कपड्यांचा व्यापारी असतो, कधी फर्निचरचा कारागीर, कधी फळांचा आडत्या. आणि तो उगीच बोलत नाही. गिऱ्हाईक समोर उभे असताना गल्ल्यावरचा मुलगा मोबाईलमध्ये मान घालून बसलेला असतो. ओळखीच्या माणसाच्या नावाने खोटे संदेश पाठवून पैसे उकळणाऱ्या टोळ्या रोजच्या झाल्या आहेत.

तिसरे कारण लोक हळू आवाजात सांगतात. ते म्हणजे भीती. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही मुलांच्या मोबाईलवरील स्टेटसवरून वातावरण तापले, ७ जूनला दगडफेक झाली, दुकानांचे नुकसान झाले आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. त्या दिवसांत आमच्या ओळखीच्या अनेक बापांनी मुलांना एकच सांगितले : खातेच पुसून टाक.

खाते बंद करण्याला आमचा विरोध नाही. ज्या वस्तूने वेळ, पैसा आणि घरची शांतता जाते ती वस्तू सोडणे शहाणपणाचेच आहे. परंतु व्यापाऱ्याचे खाते म्हणजे निव्वळ करमणूक नव्हे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपण न कळत आपली खातेवही, मालाचे नमुने, भावाची बोलणी आणि गिऱ्हाइकांचे पत्ते या खात्यांत ठेवत आलो आहोत. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की रागाच्या किंवा भीतीच्या भरात खाते पुसू नये. दुकान बंद करताना आपण जशी देणी-घेणी मिटवतो, वह्या घरी नेतो आणि मग कुलूप लावतो, तसेच येथेही करावे.

असे न केल्याने काय होते, त्याचा एक दाखला आमच्या पाहण्यातला आहे. एका कारागिराने सिन्नरच्या गिऱ्हाइकासाठी कपाट आणि दिवाण बनवायला घेतले. मापे, लाकडाचा प्रकार, ठरलेला भाव, बयाणा मिळाल्याची पोच, सारे व्हॉट्सॲपवर. कागदावर एक ओळ नाही. मध्येच नातेवाइकांच्या ग्रुपवर भांडण झाले आणि या गृहस्थाने त्याच रात्री रागाने खाते पुसून टाकले. माल पोहोचल्यावर गिऱ्हाईक म्हणाले, भाव एवढा ठरलाच नव्हता. कारागिराच्या हातात काही उरले नव्हते. गंमत अशी, की तीच सारी बोलणी गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये जशीच्या तशी होती. फक्त ती दाखवायला तो तयार नव्हता. मजुरीचे एकोणीस हजार बुडाले.

या दाखल्यातच मुद्द्याचे मर्म आहे. खाते पुसले म्हणजे आपली बाजू पुसली जाते, समोरच्याची राहते. आपण पाठवलेला संदेश ज्याच्या मोबाईलवर पोहोचला तेथे तो तसाच असतो. म्हणजे जो पुरावा आपल्या कामाचा होता तो गेला, आणि जो संदेश पाठवायला नको होता तो मात्र दहा ठिकाणी शिल्लक. भीतीपोटी खाते पुसणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

बंद करणे म्हणजे नेमके काय, याविषयीही गैरसमज फार आहेत. मोबाईलमधून ॲप काढून टाकले म्हणजे खाते बंद झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये खात्याच्या सदरात खाते पुसण्याचा वेगळा पर्याय आहे. तेथे आपला क्रमांक भरून होकार दिला की सर्व ग्रुपमधून आपण बाहेर पडतो, मोबाईलमधील जुने संदेश जातात, गूगलवर ठेवलेली त्यांची प्रतही जाते आणि ते परत मिळत नाही. कंपनीकडील माहिती पूर्ण पुसली जाण्यास ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची रीत निराळी आहे. तेथे तात्पुरते बंद करणे वेगळे आणि कायमचे पुसणे वेगळे. कायमचे पुसायला सांगितल्यावर ३० दिवसांची मुदत मिळते, त्या मुदतीत मन बदलले तर खाते परत घेता येते. दुकानाचे पान फेसबुकवर असेल आणि त्याचा कारभार एकट्या आपल्याच खात्यावर असेल, तर खात्याबरोबर ते पानही जाते. ते ठेवायचे असल्यास आधी भावाच्या किंवा भागीदाराच्या खात्याकडे त्याचा पूर्ण अधिकार द्यावा लागतो.

शिवाय पुसले म्हणजे सरकारदरबारी कोणाचाच मागमूस राहिला नाही, असेही नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीच्या वेळी घेतलेली माहिती खाते रद्द झाल्यानंतरही १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर आहे. एखादी तक्रार किंवा चौकशी सुरू झाल्यावर पुरावा लपवण्याच्या हेतूने संदेश पुसणे तर स्वतःहून संकट ओढवून घेणे होय. भारतीय न्याय संहितेच्या २४१ व्या कलमात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा वेळी मोबाईलला हात न लावता आधी वकिलाला गाठावे.

ग्रुपचे ॲडमिन असलेल्या व्यापाऱ्यांची भीती मात्र काहीशी कमी व्हावी. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये निकाल दिला, की ग्रुपमधील सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा संगनमताचा हेतू दिसत नसेल तर, निव्वळ ॲडमिन असल्यामुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही. तेव्हा बाजारपेठेचा चाळीस दुकानदारांचा ग्रुप घाबरून मोडण्यापेक्षा त्यात कोण काय टाकू शकतो याचे नियम घालावेत आणि न ऐकणाऱ्याला बाहेर काढावे.

आता पुराव्याचे पाहू. येथे जालन्याचा खटला प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत असावा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद होता आणि त्यात चित्रफितीचा पुरावा होता. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की संगणकीय पुराव्याची नक्कल द्यायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. ज्या मूळ उपकरणात नोंद आहे तेच हजर केले तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात आहे. याचा आपल्यापुरता अर्थ असा, की संदेशाचे नुसते छायाचित्र काढून ठेवणे पुरेसे नाही. उधारी वसूल होईपर्यंत मूळ मोबाईल आणि त्यातील मूळ संदेश जपावेत.

किती काळ जपावे? विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. जीएसटीची नोंदणी असलेल्यांना तर हिशोबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. बिले व्हॉट्सॲपवरच पाठवली आणि खाते पुसून मोकळे झालो, हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालणार नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम तर सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. लेखी व्यवहाराला आपल्याकडे केवढे महत्त्व आहे, हे यावरून ओळखावे.

तेव्हा ज्यांनी निर्णय पक्का केला आहे त्यांनी क्रमाने जावे. प्रथम ज्यांच्याकडे येणे आहे आणि ज्यांना देणे आहे, त्यांची बोलणी प्रत्येक संवादातून बाहेर काढून ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावीत. व्हॉट्सॲपमध्ये तशी सोय आहे. बाकी रकमेची पोच समोरच्याकडून कागदावर सही करून घ्यावी. गिऱ्हाइकांचे नाव-नंबर साध्या वहीत उतरवावेत. नवा संपर्क कोणता, हे सर्वांना कळवावे. हे झाले की मग खुशाल खाते पुसावे.

सिमकार्डही सोडणार असाल तर आणखी एक काळजी. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या माणसाला मिळू शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायालयाने हेच सांगितले, की जुन्या ग्राहकाने त्या क्रमांकावरील व्हॉट्सॲप खाते आणि मोबाईलमधील माहिती पुसून आपला बचाव करून घ्यावा. म्हणजे येथे खाते पुसणे हा हट्ट नसून कर्तव्य आहे. त्याआधी बँक, यूपीआय, आधार आणि जीएसटी या चारही ठिकाणी नवा क्रमांक नोंदवावा; नाहीतर आपल्या बँकेचे संदेश परक्याच्या खिशात वाजतील. क्रमांकच बदलायचा असेल तर व्हॉट्सॲपमध्ये खाते नव्या क्रमांकावर नेण्याचीही सोय आहे, त्यासाठी पुसण्याची गरज नाही.

बहुतेक दुकानदारांना मात्र आम्ही मधला मार्ग सुचवू. दुकानाचा क्रमांक वेगळा, घरचा वेगळा. दुकानाच्या क्रमांकावर व्यापाराचे व्हॉट्सॲप, ते दुकानाच्या वेळेतच उघडायचे, त्यावर ना स्टेटस ना वाद. घरच्या क्रमांकावरचे खाते ठेवायचे की पुसायचे, हे मग बिनघोर ठरवता येते.

आणि खाते ठेवा अथवा पुसा, ही जागा भाड्याची आहे, हे विसरू नका. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. तेथे माल दाखवून गिऱ्हाईक जमवणाऱ्यांचे खाते त्यांना न विचारताच गेले. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी पुढे केल्या, तेव्हा लोक चिडून सिग्नल आणि टेलिग्रामकडे धावले. पण गिऱ्हाईक जुन्याच ठिकाणी होते, म्हणून बहुतेकांचे दुकान तेथेच राहिले. त्या अटींवरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटींहून अधिक दंड ठोठावला आणि प्रकरण अपिलात गेले. कंपनी आणि आयोग आपापले पाहून घेतील. आपली उधारी आपल्यालाच पाहायची आहे.

म्हणून व्यापारी आणि कारागीर बांधवांना विनंती आहे. आज रात्री दुकान वाढवण्यापूर्वी दोनशे पानांची एक वही घ्या आणि मोबाईलमधील येणी-देणी तिच्यात उतरवा. ती वही पुरी झाली की खाते ठेवायचे की पुसायचे, याचा निर्णय तुम्ही शांतपणे घेऊ शकाल.